उभी की आडवी

३ फेब्रुवारी

शनिवारी दुपारी कॉन्व्हेंट शाळेच्या मागच्या पायरीवर बसून ताई आणि मी बूट चमकवायचो. डबी एक, ब्रश एक. ती माझा डावा करायची, मी तिचा उजवा – का, ते आता दोघींनाही सांगता येत नाही. मग सिस्टर यायच्या, वाकून बुटात स्वतःचा चेहरा शोधायच्या आणि "हं" म्हणायच्या. त्या "हं"साठी आम्ही आठवडाभर झिजायचो!

आज फोनवर हे ताईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, परवाच सांगितलंस की. त्या 'हं'सकट."

परवा मी फोन केला होता? दमले असेन.

४ फेब्रुवारी

माझ्या प्रयोगातला शिंपी आला होता. डोळे धडधाकट, पण मेंदूच्या मागच्या भागात रक्तस्राव झाला आणि दिसणं बंद. पडद्यावर रेघ दाखवायची, विचारायचं – उभी की आडवी?

"दिसतंय का काही?"

"शून्य."

"मग अंदाजाने सांगा."

"बाई, चाळीस वर्षं कापड कापलं, अंदाजाने कातर कधी चालवली नाही. तुम्ही मात्र दर खेपेला चालवायला लावता!"

मागून त्याची बायको – "चालवा हो, इथे कुणाचा सदरा बिघडतोय?"

मी बरोबर-चूक सांगत जाते, तेवढाच त्याला हुरूप. पन्नासपैकी सत्तेचाळीस बरोबर! डिसेंबरपर्यंत अडतीसच्या पुढे जात नव्हता. माणसाला दिसत नाही, पण त्याच्या आत कुणीतरी पाहतंय. जूनमध्ये निवृत्ती. त्याआधी हा शेवटचा शोधनिबंध छापायला गेला पाहिजे.

९ फेब्रुवारी

पाय दुखतात. आकडे बघून बरं वाटायला हवं. वाटत नाही.

१२ फेब्रुवारी

मोडलं सगळं.

मी पडदा लावायच्या आतच शिंपी पुटपुटायला लागला – "उभी, उभी, आडवी, उभी, आडवी, आडवी..."

"हे काय?"

"आजची ओळ. दर खेपेला हीच असते की."

गिऱ्हाइकांची मापं डोक्यात ठेवणारा माणूस – पन्नास रेघांचंही माप घेऊन बसला होता!

"आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, परीक्षा पाठांतराचीच आहे. आणि बरोबर आलं की तुम्ही केवढ्या खूश होता."

रेघांचा क्रम दर वेळी नवा हवा. क्रमाचं नवं पाकीट फोडायचं, आतला कागद वापरायचा, तारीख टाकून बाद करायचा. हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवते. खण उघडला. जानेवारीपासून फोडलेलं पाकीट एकच. त्याच कागदावर माझ्याच नीटनेटक्या अक्षरात अकरा तारखा, एकीखाली एक.

अकरा वेळा तो कागद मी पहिल्यांदाच पाहिला.

१३ फेब्रुवारी

उरलेली पाकिटं फोडून एकेकावर एकेक तारीख टाकली, तर कुणाला कळणार आहे!

हे मनात आलं. खोडत नाही.

१५ फेब्रुवारी

चष्मेवालीला सांगितलं. ती एके काळची माझी विद्यार्थिनी, आता सगळा विभाग तीच सांभाळते. तिने दार लावून घेतलं. "मॅडम, आधी तुमची चाचणी घेऊ या."

पंधरा शब्द ऐकायचे, वीस मिनिटांनी पुन्हा सांगायचे. मी पंधराच्या पंधरा धडाधड म्हणून दाखवले. ती हसली नाही. "ही यादी तुम्हीच केलेली. तीस वर्षं लोकांना वाचून दाखवताय. भूल दिली तरी म्हणाल."

मग स्वतःच्या वहीतून नवे पंधरा वाचले. चहा प्यायलो. वीस मिनिटांनी तिने शब्द विचारले, तर मी म्हटलं म्हणे, "कुठले शब्द?"

तिने शब्दांच्या जोड्या पुढे ठेवल्या. "यातला मी वाचलेला कोणता?"

"नाही गं माहीत."

"अंदाजाने सांगा."

माझंच वाक्य, माझ्याच सुरात! पंधरापैकी तेरा बरोबर. आणि शपथेवर सांगते, एकही ओळखीचा नव्हता. 'दिसत नाही म्हणजे नक्की कसं वाटतं?' असं विचारून वर्षभर शिंप्याला पिडलं. असं वाटतं.

तिच्याच टेबलाशी बसून हे लिहितेय, निसटायच्या आत.

१८ फेब्रुवारी

नवराबायकोला खरं सांगितलं. जानेवारीपासूनचे सगळे आकडे रद्द.

शिंप्याने टेबलाची कड वितीने मापली. मग – "म्हणजे माझं ते आतून दिसणंबिसणं खोटं?"

"डिसेंबरपर्यंतचं खरं आहे. ते अडतीस तुमचेच."

"घ्या, अडतीस!" बायको म्हणाली. "शाळेत तरी एवढे मिळाले होते का कधी?"

तिघंही हसलो. मला मग रडू आवरेना. त्याने टेबलावरचा रुमाल नेमका उचलून माझ्यापुढे धरला. कुठे होता ते कसं कळलं, मी विचारलं नाही.

२० फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या दोन्ही चाव्या चष्मेवालीला. शिंप्याची डिसेंबरपर्यंतची फाइल तिलाच – निबंध तिने लिहावा, स्वतःच्या नावाने. जानेवारीपासूनच्या अकरा खेपांचे उत्तरांचे कागदही तिलाच. वर 'बाद' लिहावं, फाडू नयेत. पुस्तकं वाचनालयाला. निळी शाल ताईला. माझी खुर्ची शिंप्याच्या बायकोला, वर्षभर बिचारी स्टुलावर बसली.

तिसऱ्या खणात नवी फाइल आहे. स्त्री, वय साठ. नाव घालू नये. ही वही तीत लावावी. दर बुधवारी अकराला ती चाचणीला येईल. आली नाही, तर कुणीतरी घरी जाऊन तिला घेऊन यावं.