पान उलटायची खूण

आप्पा,

‘प्रिय’ लिहावं की नाही, यात बराच वेळ गेला. खोटं लिहायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून नुसतं ‘आप्पा’.

आज शाळेत सानिकाचा फॉर्म सहीशिवाय परत आला, म्हणून लिहितेय. मी विशेष शिक्षिका आहे, सानिका माझी दहावीची विद्यार्थिनी. भूमितीचं कोडं घातलं तर मी खडू शोधेपर्यंत तिचं उत्तर तयार असतं; पण चार ओळी वाचायला दिल्या की घामाघूम होते. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ हा तिचा कायद्याने हक्क आहे. सरकारी रुग्णालयाचा दाखला तिच्या आईने आणलाय, पण नवऱ्याला डावलून सही करायची तिची हिंमत नाही. आणि सोमवारी फॉर्मची शेवटची तारीख.

तिचे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर असतात. फॉर्म माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, “मॅडम, पोरगी गणितात पयली हाय आन् तुमी तिला दिव्यांग लिवता? उद्या सोयरिकीला कोन येल दारात? नाय जमायचं.”

मागून मुख्याध्यापिका म्हणाल्या, “जाऊ दे गं. हुशार आहे, निघेल पास.”

निघेल पास! हे तर तुमचं वाक्य, आप्पा.

शाळेच्या पटावर माझं नाव होतं, पण माझी खरी शाळा आपल्या जासईच्या ओटीवर भरायची. तुम्ही गावचे मास्तर. संध्याकाळी धडा मोठ्याने वाचायचात, मी ऐकायचे, आणि दुसऱ्यांदा तुमच्या आधी म्हणून दाखवायचे. पानाचा शेवटचा शब्द आला की तुम्ही माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायचात. ती पान उलटायची खूण. चौथीपर्यंत मी सगळी पुस्तकं तशीच ‘वाचली’. मला एक ओळही वाचता येत नाही, हे तुम्हाला केव्हा कळलं? पहिलीत? की माहीत होतं म्हणूनच टिचकी मारत होतात?

पनवेलला पाचवीत आले तेव्हा तुम्ही जुन्या पुस्तकावरून धडा घोटून घेतलात आणि वर्गात नवीन पुस्तक निघालं. पानं वेगळी. मी आपलं जुन्या खुणेला पान उलटलं आणि पुढच्या पानावर नसलेला मजकूर घडाघडा म्हणत राहिले. आधी वर्ग हसला, मग बाईंच्या लक्षात आलं. त्यांनीच मला रुग्णालयात तपासणीला पाठवलं.

तिथे ठोकळे जुळवले, कोडी सोडवली. केवढी मजा आली होती! बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, “काही नाही निघालं. आळस आहे नुसता.”

आळस. अकरा वर्षांच्या मुलीने तो शब्द किती मनावर घ्यावा? मी पहाटे उठून एकेक ओळ वीस वीस वेळा गिरवत होते, आप्पा. तुम्ही शेजारी चहा पीत बसायचात.

दहावीला इतिहासाचा पेपर मला तोंडपाठ होता. पहिला प्रश्न वाचून होईपर्यंत पुढची मुलगी पुरवणी मागत होती. काठावर पास झाले. तरी तुम्ही पेढे वाटलेत आणि दारात आलेल्या प्रत्येकाला सांगितलंत, “परीक्षेत ताप होता तिला.” मला ताप नव्हता. पण मी कपाळाला हात लावून उभी राहिले. ते खोटं अजून माझ्या अंगावर आहे.

पुढे विशेष शिक्षणाच्या डिप्लोमाच्या एका तासाला बाई वाचन-अक्षमतेची लक्षणं सांगत होत्या आणि मी वर्गातून उठून बाहेर गेले. घरी येऊन तुम्हाला विचारलं. तुम्ही पेपरमधून मान वर न काढता म्हणालात, “तपासणी झाली होती ना? काही नव्हतं.”

तुम्ही गेल्यावर गेल्या महिन्यात आईने तुमचं कपाट आवरलं. कप्प्यात अंथरलेल्या कागदाखाली माझ्या पाचवीतल्या तपासणीचा रुग्णालयाचा अहवाल निघाला. बोट ठेवून तीनदा वाचला, तेव्हा विश्वास बसला. ‘बुद्धिमत्ता सरासरीपेक्षा बरीच वर. वाचन-लेखनाची अक्षमता. सवलती व विशेष अध्यापनाची शिफारस.’ खाली पालकांच्या सहीची जागा कोरी.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आप्पा! मी हुशारही होते आणि मला वाचताही येत नव्हतं. दुसरी लपवायला तुम्ही पहिलीही माझ्यापासून लपवलीत. कशासाठी? मास्तरांच्या मुलीला वाचता येत नाही, असं गाव म्हणेल म्हणून?

आई म्हणते, “जाव दे. गेलेल्या मानसाशी नाय भांडू.” मग कोणाशी भांडू? तुम्ही होतात तेव्हा मला काही माहीतच नव्हतं.

सानिकाची अडचण मी कशी ओळखली, सांगू? धडा सुरेख म्हणत होती, पण पान एक ओळ आधी उलटलं. मला माझाच गुडघा हुळहुळल्यासारखा झाला. तुमचा आवाज कानात आला आणि तो अजून गोड वाटतो, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

हे पत्र मी फोनला सांगितलं, त्याने लिहिलं, मग मला वाचून दाखवलं. आजवर शाळेत कोणालाही कळू दिलेलं नाही. परिपाठाला सूचना वाचायची असली तरी आदल्या दिवशी पाठ करून जाते. लपवायला तुम्ही छान शिकवलंत.

उद्या ते मोडणार आहे. माझा अहवाल घेऊन कळंबोलीला काट्यावर जाणार. सानिकाच्या वडिलांना सांगणार, समोर असेल तो कागद द्या. मग त्यांच्यासमोर, हमालांसमोर, ड्रायव्हरांसमोर तो वाचणार. पाठ न केलेला. अडखळेन, अक्षरं उलटसुलट होतील, कोणी हसेलही. मग म्हणेन, आता कुठलाही हिशोब घाला, तोंडी सोडवते. आणि त्यानंतर फॉर्म पुढे करेन. ते सही करतील की नाही, माहीत नाही. पण नाही म्हणायचं तर दोन्ही गोष्टी डोळ्यांनी बघून म्हणतील. तुमच्यासारखा कागद दडपून नाही. हा माझा शब्द.

सही मात्र हाताने करतेय. थोडी वाकडी येईल.

ताप नसलेली तुमची मुलगी,
मनाली