गणपत कोतवालाचे प्राण

रवि., ४ जाने. ८७, सौंसर

आज अस्मादिकांची परीक्षकपदी सविधी प्रतिष्ठापना झाली. मानधन एक संत्रे. आंबट.

दोन वर्षांपूर्वी माझ्या परदेशस्थ भाच्याने बैठ्या सोंगांच्या खेळाची पेटी वाचनालयास भेट दिली, तेव्हापासून सौंसर आणि पांढुर्णा या उभय नगरांची बुद्धी भ्रमली आहे. चार-पाच प्रौढ माणसे टेबलाभोवती बसतात. सूत्रधार प्रसंग वर्णितो, जो तो आपल्या सोंगाच्या मुखाने 'मी हे करतो' म्हणतो, आणि साधले की फसले याचा निवाडा वीस बाजूंचा फासा करतो. आता लोकांनी स्वतःचे मराठी खेळ रचले आहेत. त्यांतील दोन आम्ही निवडायचे, मग जनता जनार्दनाने चिंचोके टाकून एकास विजयी करायचे. विजेत्याचा खेळ नागपूरचा एक मुद्रक छापणार.

सहपरीक्षक पांढुर्ण्याचे धोटे वकील. परीक्षकाने प्रत्येक खेळात स्वतः सोंग घ्यावे, हा नियम माझा. धो. व. कुरकुरले.

गुरु., ८ जाने.

पांढुर्ण्यास जाऊन तिथला 'त्रैलोक्यविजय' खेळलो. मी सम्राट. यात नायकास मरण नाही, फासा कसाही पडो. तीन राज्ये जिंकली, चहा दोनदा आला. सर्वथा निर्दोष रचना.

घरी येऊन सौ.स वृत्तान्त कथिला. ती म्हणे, "हे तं तुम्ही घरीही करता. नवीन काय केलं?"

रवि., ११ जाने.

रामाकोन्याच्या शाळेतील मेश्राम बाईंचा 'पूर'. गावात नदी शिरली आहे, पोरे शाळेच्या छपरावर अडकली आहेत, त्यांना पैलतीरी न्यायचे. इतकेच कथानक.

मी ग्रामाधिपतीचे सोंग मागितले. बाई म्हणाल्या, "सोंग मागाचं नसते सर. चिठ्ठी निघन ते."

चिठ्ठी निघाली: कोतवाल. नाव गणपत. संपत्ती: एक काठी, एक दोर.

तीस वर्षे पोरांकडून शब्दरूपे आणि धातू पाठ करवून घेणारा मी, आणि हाती दोर! तथापि खेळ संपला तेव्हा माझा सदरा घामाने भिजला होता, जानेवारीत. 'त्रैलोक्यविजया'सोबत 'पूर'ही अंतिम फेरीत. धो. व. म्हणाले, "ठीक आहे, पण यात राजा नाही." मी म्हटले, "हाच राजयोग."

रवि., १८ जाने.

वाचनालयात 'पूर'ची जाहीर बैठक, पूर्वार्ध. सभागृह तुडुंब, खिडक्यांतही मुंडकी. मी, म्हणजे गणपत, दोर कमरेस बांधून खेपा करीत होतो. प्रेक्षक गप्प बसेनात. "कोतवाल, डाव्या अंगानं जा!" "अबे, तिकडं भोवरा आहे नं!"

शेवटच्या खेपेस फासा फिरला. दोर तुटला. गणपत बाभळीच्या फांदीस लटकला, खाली काळे पाणी. आणि बाईंनी वही मिटली. "बाकी एक तारखेले."

जो गलका झाला, तो वर्णनातीत!

बुध., २१ जाने.

वर्गात मुले व्याकरण सोडून विचारतात, "सर, तुम्ही वाचसान का?" बाजारात कांदेवाला: "गुरुजी, फांदी मजबूत आहे का?" अस्मादिकांची प्रकृती इतकी लोकप्रिय पूर्वी कधीच नव्हती. काविळीतही नव्हती.

शनि., २४ जाने.

शेजारच्या गिरजाकाकू जामसांवलीस जाऊन आल्या. गणपत वाचावा म्हणून मारुतीस नारळाचा नवस बोलल्या. मी म्हटले, "काकू, कोतवाल खरा नाही, तो मीच आहे." त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी कोन जाते जी? कोतवालासाठी गेली मी."

सौ. आत तोंडाला पदर लावून हसत होती.

गुरु., २९ जाने.

प्रकरण चिघळले. गिरजाकाकूंचे पाहून अर्धे सौंसर जामसांवलीस जाऊन आले. आता मागणी अशी की, नवसाचे म्हणून फाशात दोन आकडे वाढवून मिळावेत. धो. व. मुद्दाम पांढुर्ण्याहून आले आणि म्हणाले, "कोतवाल लटकवून मतं गोळा करून राहिल्या बाई. आता वाचवतील अन् चिंचोके घेतील. नियम मोडला तं खेळ बाद!"

बाई शाळा सुटल्यावर सायकलने आल्या. सर्व ऐकले.

"मतदानाच्या आधी फासा टाकू, सगळ्यांसमोर," म्हणाल्या. "कोतवालाले बारा नाही तं त्याच्या वर पाहिजे. बारा म्हणजे बारा."

मी म्हटले, "बाई, मी मेलो तर मतेही बुडतील. छपाई जाईल."

"माहीत आहे सर. नारळ कोनी देला तं खाईन मी. फासा नाही बदलनार."

रवि., १ फेब्रु.

सकाळी 'त्रैलोक्यविजय'. सम्राट जिंकले. टाळ्या, यथायोग्य. मग 'पूर'. फासा माझ्याच हाती दिला गेला. पहिल्या रांगेत गिरजाकाकू डोळे मिटून. टाकला.

चार.

बाई म्हणाल्या, "फांदी मोडली. कोतवाल, काही बोलाचं आहे का?"

मी या क्षणासाठी एक अंत्य भाषण रचून ठेवले होते. समासप्रचुर, दोन रूपके, एक यमक. तोंड उघडले आणि त्यातला एक शब्द येईना. निघाले ते एवढेच:

"बाई, पोरं पल्याड गेले नं?"

"गेले, कोतवाल. सगळे गेले."

"मंग ठीक आहे."

आणि मी मेलो.

मागे कोणीतरी नाक शिंकरले. पाहतो तो धोटे वकील. मग गिरजाकाकू उठल्या आणि आपला चिंचोका 'पूर'च्या मडक्यात टाकून आल्या. "मेला, पन पोरं वाचवून मेला. खोटं तं नाही केलं बाईनं." पाठोपाठ रांग लागली. पांढुर्ण्याची मंडळीही त्याच रांगेत! 'पूर'चे मडके भरून चिंचोके जमिनीवर सांडले. मोजण्याचे कोणी नावही काढले नाही.

वाजंत्री लावून बाईंना बसस्थानकापर्यंत नेले. मलाही खांद्यावर घेतले. स्वतःच्या अंत्ययात्रेत हार घालून मिरवण्याचे भाग्य कितीजणांस लाभते? विजय! विजय! त्रिवार विजय!

सोम., २ फेब्रु.

गिरजाकाकूंच्या घरून खोबऱ्याची चटणी आली. मारुतीने ऐकले नाही म्हणून नारळ फोडला घरीच. चटणी उत्तम. मृतास तिखट अंमळ जास्त.

गुरु., १२ फेब्रु.

मे. बाई सायंकाळी आल्या. काल नागपूरला मुद्रकास भेटून आल्या होत्या. तो खेळ छापायला तयार आहे, रंगीत पेटीसह. अट एक: नायकाने मरता कामा नये. असा खेळ कोणी विकत घेत नाही म्हणतो. मरणाचा नियम खोडला तर पुढच्या महिन्यात पेटी दुकानांत.

"मग काय म्हणालात?"

"काही नाही. विचार करून सांगते म्हटलं." कप हातात तसाच. "सर, पेटी निघाली तं गावोगावी खेळतील पोरं. नाही निघाली तं खेळ रामाकोन्यातच राहीन. पन नियम खोडला तं तो 'पूर' राहते का? तुम्ही मेले होते नं, म्हनून तुम्हालेच विचारून राहिली."

सौ. आतून: "जिते असताना यायले भाजी ठरवता येत नाही बाई, मेल्यावर काय ठरवतील?"

हसलो तिघेही. उद्या सांगतो म्हटले. नियम खोडू नका म्हणावे तर बाईंची पेटी बुडते, खोडा म्हणावे तर त्या दिवशी रडलेल्या सभागृहाशी...

बाई उद्या सकाळी पुन्हा नागपूरला निघतात, जाण्यापूर्वी इथे थांबणार. मृताचे मत आजवर कोणी मागितले नव्हते. त्यात पाठांतर कामास येत नाही.

सौ. विचारते आहे, दिवा केव्हा मालवायचा.