नऊशे ग्रॅमची रायफल

३ नोव्हेंबर, पहाटे ५
पांढरकवड्यातल्या माझ्या पोलीस भरती अकॅडमीला नवी दिशा. विद्यार्थी सहा. नुसतं धावणं-गोळाफेक पुरे, आता जंगल वॉरफेअर. या विषयात तालुक्यात माझ्याइतका अधिकारी माणूस नाही. सैन्यात सतरा वर्षं हत्यारं हाताळली. बायको, रामीबाई, म्हणाली, "तुमी तं स्टोअरात होते. काउंटरवून बंदुका देत होते." स्टोअर म्हणजेसुद्धा सैन्यच.

६ नोव्हेंबर
लेक्चर. जुनी रायफल साडेचार किलो, हलकी तीन. वाचलेल्या वजनात जास्त गोळ्या, जास्त पाणी. नळी आखूड, वेलींत अडकत नाही. उर्वशीने विचारलं, लांबचा नेम तेवढाच लागतो का. तिची पोलिसात निवड झालीय, चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी. सरावाला तरीही येते. सांगितलं, जंगलात लांबचं दिसतच नाही. हे उत्तर बोलता बोलताच सुचलं.

११ नोव्हेंबर
डमी रायफली तयार. सागाचा दस्ता, प्लास्टिकचा पाइप, काळा ऑइल पेंट. वजन नऊशे ग्रॅम. दहा पावलांवरून खऱ्या वाटतात. रामीबाई म्हणाली, "याच्यानं कोनी भेलं तं?" भ्यावं म्हणूनच केल्या.

१३ नोव्हेंबर
वनखात्याच्या परवानगीचा अर्ज लिहायला घेतला. शत्रू अर्ज करून येत नाही. फाडला.

१७ नोव्हेंबर, सकाळी ९
जंगलात. सगळ्यांच्या तोंडाला फडकी. उकंडा गुराखी समोर आला, आम्हाला पाहून शेळ्या टाकून पळाला. वेशांतर यशस्वी.

दुपारी १२
पाखरं एकदम गप्प. उर्वशी म्हणाली, "सर, कोनीतरी आहे. निंघून जाऊ." माघारीचा प्रश्नच नाही. घाणेरीच्या झुडपांत पोझिशन घ्यायला लावली.

संध्याकाळ, पोलीस ठाणे
उकंडाने खबर दिली होती. तीन बाजूंनी पोलीस, हातात खऱ्या रायफली. हत्यारं टाका, म्हणून ओरडले. माझी सर्वांत आधी पडली. हलकी असण्याचा फायदा. पाठोपाठ मीही. एक पोरगा रायफलीसकट उठून पळणार होता, उर्वशीने पाय धरून त्याला खाली ओढला. नंतर एक शिपाई म्हणाला, "बोट ट्रिगरवर होतं माह्यं."

जबाबात सांगितलं, मुलं आपल्या हौसेने गेली, मी त्यांना परत आणायला गेलो होतो. ही डावपेचातली माघार. मी वाचलो तर अकॅडमी वाचेल.

२४ नोव्हेंबर
मैदानावर कुणी नाही. थंडी असेल. एकटाच धावलो. अडीच फेऱ्या.

२ डिसेंबर
उर्वशीचे वडील, भारतभाऊ, आले. बसले नाहीत. पडताळणीत जंगलातल्या प्रकाराची नोंद लागली, तिचं जॉइनिंग थांबलं. "तुमचा जबाब आयकला, सर," एवढंच म्हणाले. ते गेल्यावर रामीबाईने माझ्याकडे न बघता चुलीवरचा चहा उतरवला आणि मोरीत ओतून दिला.

मी शिस्तीचा माणूस आहे. जबाब एकदा दिला की दिला.

५ डिसेंबर
ठाण्यात जाऊन जबाब बदलला. खरं तीन ओळींत मावलं. साहेब म्हणाले, अहवाल नव्याने पाठवू, पण या बॅचचं ट्रेनिंग कालच सुरू झालं. पुढचं सांगता येत नाही.

बाहेर बाकावर उर्वशी बसली होती. तिला सांगितलं. म्हणाली, "हे त्या दिवशीच काहून नाही सांगतलं, सर?"

भ्यालो होतो, म्हटलं.

"आमी सगळेच भेलो होतो," म्हणाली, आणि स्वतःच्या जबाबावर सही करायला आत गेली.