ठोंब्याच्या डोळ्यांबद्दल

तीर्थरूप मामांस भाच्याचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामी कळवतात की जिना तुम्ही आता एका दमात चढता आणि वर गेल्यावर कशाला आलो ते विसरता. म्हणजे प्रकृती उत्तम आहे. इकडे आम्ही ठीक. (ताई जास्तच ठीक, कारण तिच्या सल्ल्यानं खड्ड्यात मी पडलो आणि ती काठावर उभी आहे.)

आमच्या संस्थेनं माणसाविना चालणारी पिवळी होडी एकोणतीस दिवस समुद्रात सोडली होती, हे तुम्ही जाणताच. ती आपली आपण बुडी मारते, खोलवरच्या पाण्याचं तापमान नि खारटपणा टिपते आणि वर येऊन कळवते. तिनं पाठवलेले नऊ लाख आकडे लोकांना समजतील असे मांडायचे, ही माझी नोकरी. पाच सभासदांच्या समितीला पटलं तरच दुसरी फेरी. आणि ती फेरी हवीच. चौदाव्या दिवशी होडीला खोलात गरम पाण्याचा पट्टा लागला. मासळी किनाऱ्यापासून लांब का चालली आहे, याचं उत्तर बहुधा तिथंच आहे. पण पट्टा कुठवर जातो हे कळायच्या आत तिला परतावं लागलं.

आधी मी आलेख काढले. ताई (तिसरीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे जगाला तिसरीतलंच समजते) म्हणाली, "हा कुणाच्या छातीचा कार्डिओग्राम? गोष्ट सांग रे, गोष्ट!" मग मी पडद्यावर चित्रकथा रचली. बोट सरकवलं की होडी पुढे जाते, खाली ओढलं की बुडी मारते, पाण्यावर टेकवलं की तापमान दिसतं. इथं थांबलो असतो तर आज सुखात असतो. पण ताई म्हणाली, "याला चेहरा दे." मी दोन डोळे दिले. आमच्या शिपायानं नाव दिलं ठोंब्या, कारण तो बोलत नाही.

आता पाण्याखालून संदेश येत नाहीत, म्हणून चौदाव्या दिवशी होडी अकरा तास गप्प होती. तिथं मी पडदा काळा केला आणि नुसते दोन डोळे मिचकावत ठेवले. शेजारी तो गरम पट्टा लालभडक रंगवला होता. संस्थेत सगळ्यांना दाखवलं, तर त्या पट्ट्याला एकानंही बोट लावलं नाही! टंकलेखिका बाईंनी रुमाल काढला. आमचे संचालक (वीस वर्षांत एकदाच हळहळले, गाडी लावायची जागा गेली तेव्हा) विचारते झाले, "आला ना रे सुखरूप?" आणि उरलेले पंधरा दिवस एका झटक्यात ओढून त्यांनी त्याला धक्क्याला लावलं. समितीच्या सभासदांनाही मी चित्रकथा फोनवर पाठवली होती; त्यांनी घरी हेच केलं. बंद पाकिटांतून मतं आली: दोन बाजूनं, तीन विरुद्ध. मामा, बावन्न किलोचं यंत्र आहे हो ते!

पण मी हटणार नाही. डोळे काढलेत. आता बोट गरम पट्ट्यापाशी पोचलं की अडतं. पट्टा पाहिल्याशिवाय पुढे सरकतच नाही. सोमवारी फेरमतदान आहे आणि एकच मत फिरायला हवं.

आपला आज्ञाधारक
भाचा

ता. क. एका निनावी पाकिटात चिठ्ठी होती: "एवढ्याशा जिवाला पुन्हा समुद्रात ढकलता, तुम्हाला घरदार नाही काय?" अक्षर ओळखीचं आहे. याच हातानं मला सातव्या वर्षी, डोळ्यांत पाणी असताना, धक्क्यावरून ढकललं होतं आणि वर "पोहशील, पोहशील" म्हटलं होतं. पोहलो. समितीत होडीवाल्यांचे प्रतिनिधी म्हणून तुम्हाला बसवलंय, तेव्हा सोमवारी तेवढंच पुन्हा म्हणा.

ता. क. दुसरा. मामी म्हणाल्या की रोज सकाळी चहाआधी तुम्ही त्याला बोटानं घरी आणून ठेवता. म्हणून तुमच्या फोनवरचे डोळे मी काढलेले नाहीत.