रोस्कातली बाहुली

६ जानेवारी, सोमवार

बाहुली निघालीच नाही! टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढा रोस्का, तीन राजांच्या सणाचा गोड पाव, चुऱ्यासकट फस्त झाला — आणि आत दडवायच्या बाळ येशूचा पत्ता नाही. पीठ मी मळलं, भाजला मी. मग बाहुली काय हवेत विरघळली?

"माझ्या तुकड्यात नव्हती." "माझ्यातही नाही." हो तर! बाहुली मिळाल्याचं कबूल केलं की दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, सगळ्या गोतावळ्याला घरी बोलावून मक्याच्या पानांत वाफवलेले तामालेस घालायला लागतात ना! माझा संशय चुईवर. पाठचा भाऊ असला म्हणून काय झालं? टायरचं दुकान जोरात चालतं, पण द्यायची वेळ आली की याचा हात खिशापर्यंत पोचत नाही. यापूर्वी दोनदा त्याने बाहुली गिळलेली आहे. गिळली ती गिळली, वर पाणी मागितलं.

माझी लेक यादिरा आली होती, हे एक बरं झालं. शहराच्या पार उत्तरेला राहते, तलावाजवळ, काचेच्या इमारतीत. विम्याच्या ऑफिसात तिला 'जेड' म्हणतात. मी स्पॅनिशमध्ये विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते — आमचं असंच चालतं. तिने कागदासारखा पातळ तुकडा कापला. चुई ओरडला, "जपून गं ग्रिंगे, अमेरिकन मडमे! तुला बाहुली आली तर आम्हांला दोन तारखेला पिझ्झा खायला लागेल!" सगळे खो खो हसले. मी सगळ्यांत मोठ्याने. तीही हसली. मग सकाळी मीटिंग आहे म्हणून लवकर गेली.

७ जानेवारी

माझा नवरा नाचो आठवड्यातून एकदा बोलतो. आज बोलला. कॉफी पिता पिता म्हणाला, "ऑफिसात ती मेक्सिकन. इथे ग्रिंगा. पोरीने बसायचं तरी कुठे, अंपारो?"

"आईजवळ बसायचं! आणखी कुठे?" मी म्हटलं. त्याने कप विसळून ठेवला आणि कामावर गेला. असा राग आला! त्याचा नाही. काल मी हसले त्याचा.

११ जानेवारी, शनिवार

चुईच्या दुकानात गेले. तीन गिऱ्हाइकं उभी होती, बरंच झालं. सरळ विचारलं, "गिळलीस की लपवलीस?"

"ताई, आईच्यान नाही!"

"आईची शपथ घेऊ नकोस. तिला तू चांगला ठाऊक होतास."

गिऱ्हाइकं हसली. तो जॅकवर चढवलेल्या गाडीखाली शिरला तो बाहेरच येईना. दोषी माणसंच अशी लपतात.

१२ जानेवारी

चुईची बायको चेलो माझ्या पार्लरमध्ये केस रंगवायला आली. डोक्याला रंग लावून अर्धा तास बसवून ठेवली आणि खोदखोदून विचारलं. "वन्सं, ह्यांचे खिसे मी रोज झाडते. दोन स्क्रू आणि च्युइंगम निघतं. बाहुली नाही." चेलो खोटं बोलत नाही. पण गिळलेली गोष्ट खिशात कशी सापडणार?

१५ जानेवारी

सगळ्यांना वाटतं मी खुळी आहे. एका प्लॅस्टिकच्या बाहुलीसाठी! बाहुलीचं नाही हो ते. आई होती तेव्हा कुणाला बोलवावं लागत नव्हतं. रविवार आला की जिने वाजायचे. आता निम्मे शहराबाहेर सिसेरोला गेले, निम्मे त्याच्याही पलीकडे. आमच्या रस्त्यावर मार्तीनेझची बेकरी होती, तिथे आता कुत्र्यांना अंघोळ घालतात. बाहुली नाही तर तामालेस नाहीत, आणि तामालेस नाहीत तर कोण कशाला येतंय? सगळ्यांत आधी यादिरा यायची बंद होईल. ते मी होऊ देणार नाही.

तशी मी एकटी शंभर माणसांचे तामालेस करीन! पण नियम तो नियम. ज्याला बाहुली, त्याच्याकडे जेवण.

१९ जानेवारी, रविवार

यादिरा न सांगता आली. कोट काढला नाही, बसली नाही. टेबलावर काहीतरी ठेवलं — टक्क!

बाहुली.

"माझ्या तुकड्यात होती. त्या दिवशी लाज वाटली, खिशात टाकली." आणि हे स्पॅनिशमध्ये बोलली! अडखळत, पण सगळं. "दोन तारखेला सगळ्यांनी माझ्याकडे यायचं."

मी बाहुली उचलून पाहिली. माझ्या पुडीतल्या गुलाबी असतात, ही पांढरीफटक. भट्टीत रंग उडाला असणार. म्हटलं, "अगं, तुला तामालेस कुठे येतात? मी करून देते, तू नुसते वाढ."

"नाही. तू पाहुणी म्हणून ये. रिकाम्या हाताने."

रिकाम्या हाताने! मी! आजवर कुणाच्या मयतीलाही मी रिकाम्या हाताने गेले नाही.

२० जानेवारी

चुईचा फोन. "ताई, माफी मागायची राहिली वाटतं?" ठेवून दिला.

२६ जानेवारी

यादिरा शनिवारी फोन उचलत नाही. मागच्याही शनिवारी नाही. दुकानातून विकत आणणार, माझी खात्री आहे. आणू दे. मी तोंडातून ब्र काढणार नाही. आणि चुईने काढला तर त्याच्या तोंडात मक्याची पानं कोंबीन.

१ फेब्रुवारी, शनिवार

राहवलं नाही. एक पातेलं केलंच, गाडीच्या डिकीत असू द्यावं म्हणून. अडीनडीला कामी येतं. पण सकाळपासून चिडचीड — चरबी फेटताना, पानं भिजवताना, बांधताना, नुसती धुसफूस. वाफवून वाफवून थकले, मधलं पीठ कच्चं ते कच्चंच! आई सांगायची, रागाने केलेले तामालेस शिजत नाहीत, पातेल्यासमोर नाचावं लागतं. स्वयंपाकघरात कुणी नाही असं पाहून मी नाचलेसुद्धा. नाचो दारात उभा होता. हसला नाही. शहाणा माणूस.

तरी कच्चे तसेच.

२ फेब्रुवारी, रविवार

लिफ्टचं दार उघडलं आणि वास आला. चरबीचा, लाल मिरचीचा, वाफाळलेल्या पानांचा. एवढ्या गुळगुळीत इमारतीत! समोरच्या दारातला शेजारी डोकं बाहेर काढून हुंगत होता. यादिराने त्यालाही ताट दिलं.

सगळे आले. सिसेरोवाले, त्याच्या पलीकडचे, सगळे. खुर्च्या पुरेनात, लोक खिडकीच्या कट्ट्यावर बसले. काही तामालेस सैल बांधलेले, दोन-तीन फुटलेले. मी पहिला घास घेतला. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत उभी. कपाळाला पीठ.

आईच्या हातची चव होती. माझ्या नव्हे, आईच्या!

"कुणी शिकवलं?"

चेलो पुढे आली. "दर शनिवारी माझ्याकडे येत होती, वन्सं. तुमच्या आईंनी मला शिकवलं, मी हिला."

"आणि मी मेले होते का?"

"तुम्ही तिच्या हातातून पीठ काढून घेतलं असतं."

घेतलं असतं. चुईने सात खाल्ले, आठवा उचलताना म्हणाला, "ग्रिंगे, पुढच्या वर्षीही बाहुली लपव हं!" यादिराने त्याला चमच्याने हाणलं, आणि अशी अस्सल शिवी हासडली की नाचो कॉफी फवारून हसला. ती मी शिकवलेली नाही. बहुतेक मीच शिकवलीय.

माझं पातेलं डिकीतच राहिलं. रात्रीत गोठून दगड होईल. होऊ दे.

३ फेब्रुवारी

नाताळचा देखावा आवरला. मेंढ्या, उंट, तिन्ही राजे कागदात गुंडाळले. रोस्कावर लावायच्या पाकवलेल्या फळांचा डबाही वर टाकायला उचलला — वर्षातून एकदाच उघडते तो. आत काहीतरी खुळखुळलं.

बाहुली. गुलाबी. अंजिराला चिकटलेली. रोस्कात घालायचीच राहिली होती!

कुणालाच आली नव्हती. माझ्या पोरीने दुकानात जाऊन विकत आणली.

चुईची माफी मागावी का? छे! आधी दोनदा गिळलीय त्याने. डबा घट्ट लावला आणि माळ्यावर सगळ्यांत मागे ढकलला. नाचोलाही सांगणार नाही.