रेस सोडली की बंद

चौसाळा,
ता. १२ ऑक्टोबर

चि. वैष्णवी हिला आबाचे आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. म्हैस व्यायली, पारडी झाली. पुण्यात तुझ्या सर्व्हिस सेंटरात सगळं ठीक असेल. अक्षर मोठं काढलंय म्हणून हसू नको. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो, तुला माहीतच आहे.

आपली जुनी गाडी महिनाभर छळत होती. पळायची झकास, पण रेस सोडली की बंद! मी रेसचा स्क्रू आवळत गेलो. शेवटी गाडी उभ्या उभ्या बोंबलायला लागली. स्क्रू सैल केला की पुन्हा गप्प.

मग कार्बोरेटर उघडला. स्लो जेट, ती सुईएवढ्या भोकाची पितळी नळी, पेट्रोलनं धुतला, उजेडाला धरला. भोक साफ. बसवला, तर पुन्हा बंद. असं चार वेळा झालं.

पाचव्यांदा तुझी आई ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "आणा हिकडं." सूप बाजूला ठेवून तिनं जेट उन्हाला धरला. "अवो, पलीकडचं काहीच दिसंना. कावून साफ म्हणता?"

मला तर भोकच दिसत नव्हतं, पोरी. गॅरेजातल्या तीस वर्षांच्या सवयीनं साफ म्हणत होतो. वायरीतली बारीक तार तिनंच आत घातली, कचरा काढला. आमचा चहा पिऊन झाला तरी गाडी आपली चालूच.

गेल्या वर्षी दूधवाल्या नाथाची गाडी अशीच बंद पडायची. चार गिऱ्हाइकांसमोर तू म्हणालीस, "आबा, जेट बंद हाय, मला बघू द्या." आणि मी ओरडलो, "माझ्या गॅरेजात पाय ठेवायचा न्हाई!" तुझं काही चुकलं नव्हतं. नजर कमी झाल्याचं मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं, आणि ते झाकायला मी पोटच्या पोरीला बाहेर काढलं. लई चुकलं माझं.

मोतीबिंदू आहे. दिवाळीनंतर ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, चांगलं दिसेल. पण दिसायला लागलं तरी गाडी तूच उघडायची, मी पाने हातात देईन.

नाथा अजून तीच गाडी हाणतोय, भोंग्यासारखी रेस वाढवून. काल आला होता. मी कार्बोरेटरला हात लावला नाही. म्हणालो, "दम धर बे, मालकीण येणार हाय."

तुझ्या गॅरेजाच्या दारात बसलेला,
आबा