डोंगा आणि बंडीमधलं अंतर

६ जाने., मंगळ.
खांब किती भार पेलतो, हे नुसतं बघून कसं ओळखायचं? मला येत नाही. बी.ए. इतिहास. संग्रहालयाच्या मधल्या दालनातला तिसरा खांब आज पुसताना पोकळ वाजला. बाकीचे ठक्क वाजतात. त्याच्याच वरच्या तुळईला आपला डोंगा, जुनी होडी, टांगलाय. बपेरा गावाकडचा, अख्खं झाड कोरून केलेला. चढवायला आठ माणसं लागली होती. बरोबर खाली तट्ट्याची बंडी, म्हणजे बांबूच्या विणलेल्या कडांची बैलगाडी.
डोंग्याचा तळ आणि बंडीच्या तट्ट्याची वरची कड यांच्यामध्ये माझी मूठ जाते.

७ जाने., बुध.
सोमवारी करडीची शाळा येणार. पाचवीची मुलं. संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे सचिव सर म्हणाले, मुलांना आळीपाळीने बंडीत बसवू, फोटो काढू. खाली रस्त्याची गाडी, वर पाण्याची. कल्पना चांगली आहे. मलाच आधी आवडली होती.
बंडीखाली पिवळट भुसा पडलेला. झाडला.

८ जाने., गुरु.
पुन्हा भुसा. मूठ जात नाही. चार बोटं आडवी जातात.
सरांना सांगितलं. "मॅडम, तुम्ही इंजिनिअर कधीपासून झाल्या? जुन्या लाकडाले घुण राहतेच." ऑफिसातले हसले. मीही हसले. मी का हसले?
बाबा वरठीला कामावर जाताना सायकल थांबवून कोणाकोणाला सांगतात, पोरगी म्युझियमात साहेबीण आहे. ही नोकरी गेली तर त्यांना कोणत्या तोंडाने…

९ जाने., शुक्र.
सुखदेवकाकांना विचारलं. संग्रहालयाच्या या इमारतीत राईस मिल चालायची तेव्हा ते मिस्त्री होते, आता चौकीदार. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते.
"मशीन इकली तवा दारातून निघेच ना. मंधातला खांब म्याच कापला. मंग म्युझियम झालं त सर म्हणे, एक खांब कमी दिसून राहिला. टिनाचा बनवून देल्ला. वरून रंग."
"आणि आत?"
"आत काय. हवा."
"डोंगा टांगला तेव्हा का नाही बोललात?"
"सरानं इचारलं, पक्का हाये ना? सारे माह्याकडेच पाहून राहिले होते. हो म्हणून गेलो." मग हळूच, "माहं नाव नको घेजो पोरी. या वयात कोण ठेवन मले?"
बोलताना ते खांबाला टेकले नाहीत. रोज सगळ्या खांबांना टेकतात.

१० जाने., शनि.
तीन बोटं.
दालनाचं दार अडकायला लागलंय. जोरात ढकलायची भीती वाटते. आत पाय हलके टाकते. वेडेपणा, पण टाकते.
सरांकडे परत गेले. काकांचं नाव घेतलं नाही, म्हणून सांगायला उरलं एवढंच, की खांब पोकळ वाजतो.
"वाजू द्या. मंगळवारी मिस्त्री बोलावू."
सोमवार आधी येतो, म्हटलं. सर फोनवर बोलायला लागले होते.
आई म्हणाली, "काहून भेवून राहिली वं?" काही नाही म्हटलं. ताटात भात तसाच राहिला.

११ जाने., रवि.
दोन बोटं.
सकाळी करडीच्या मुख्याध्यापिका बाईंना फोन केला. उद्या मुलं आणू नका. "सरांचा निरोप आहे का?" नाही, माझा. "तुम्ही कोण तिथे?" मी नाव सांगितलं आणि खांबाचंही सांगितलं. मग म्हणाल्या, बरं.
सरांना चिठ्ठी लिहिली. खांब टिनाचा आहे, मी स्वतः वाजवून पाहिला, शाळेला मीच नाही म्हटलं. खाली सही. काकांचं नाव नाही. सरांच्या घरच्या दाराखालून सरकवली.
मग मिलमध्ये. दालनाचं दार पुरतं लागत नव्हतं. काका गेटवरून उठून आले, काही न विचारता दोन्ही हातांनी दार ओढून धरलं.
दालनाला कुलूप लावून आले. बाबांच्या सायकलचं, साखळीसकट. सरांकडे त्याची किल्ली नाही.